आठवडाभर बेघरांसोबत, शनिवार-रविवारी भटकंती: त्यात गैर काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातले काही तरुण परदेशात जाऊन बेघर लोकांसाठी स्वयंसेवा करतात, त्यावर टीका करणारे एका वाचकाचे पत्र आपण नुकतेच छापले होते. सोमवार ते शुक्रवार सूप वाटायचे आणि शनिवार-रविवारी राजवाडे पाहत हिंडायचे, ही सेवा नसून सहलीला दिलेला सेवेचा मुलामा आहे, असा त्या पत्राचा सूर होता. पत्रलेखकांची कळकळ खरी आहे आणि त्यांच्या म्हणण्यातला काही भाग मला पटतोही. पण दोष जिथे आहे तिथे त्यांनी बोट ठेवलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मी फोंडा तालुक्यातील निवृत्त शिक्षिका आहे. एका हिवाळ्यात मी पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला नातेवाइकांकडे राहिले होते, रात्री रस्त्यावर झोपणाऱ्यांना अन्न पोचवणाऱ्या एका गटासोबत तिथे काम केले आणि सुट्टीच्या दिवशी मनसोक्त फिरलेही. त्या अनुभवाच्या आधारे चार गोष्टी मांडू इच्छिते.

पोर्तुगालसारख्या युरोपीय देशात बेघर असतातच कसे, हा प्रश्न मला इथे परतल्यावर अनेकांनी विचारला, म्हणून आधी त्याबद्दल. तिथल्या सरकारी नोंदीनुसार 31 डिसेंबर 2023 रोजी देशात 13,128 माणसे बेघर होती. त्यांपैकी 7,705 जण रस्त्यावर, स्थानकांत किंवा पडक्या इमारतींत झोपत होते आणि उरलेले तात्पुरत्या निवाऱ्यांत राहत होते. देशाची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा आकडा किती मोठा आहे ते कळते. व्यसन आणि मानसिक आजार ही कारणे आहेतच. परंतु गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला घरभाडे येऊन बसले आहे. 2025 साली तिथले किमान वेतन महिना 870 युरो होते आणि लिस्बनमध्ये एक बरी खोली घ्यायची म्हटले तरी त्यातला फार मोठा वाटा भाड्यातच जातो. शहराच्या जुन्या भागांतली कितीतरी घरे पर्यटकांना दिवसाच्या हिशेबाने दिली जाऊ लागली आणि पिढ्यान्पिढ्या तिथे राहिलेल्या भाडेकरूंना बाहेर पडावे लागले. आसगाव-शिवोली भागात भाड्याचे घर शोधून पाहिलेल्या कोणाही गोमंतकीयाला यात काही नवे वाटणार नाही.

तिसरे कारण कागदपत्रांचे आहे, आणि ते मी अगदी जवळून पाहिले. पोर्तुगालने 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस जुने परकीय नागरिक खाते बंद करून त्याच्या जागी नवी संस्था आणली, तेव्हा निवास परवान्यांची सुमारे चार लाख प्रकरणे तुंबलेली होती. त्यांत भारत, नेपाळ, बांगलादेश आणि पाकिस्तानातून आलेले असंख्य मजूर होते. सांता आपोलोनिया रेल्वे स्थानकाजवळच्या रांगेत माझ्या मोडक्यातोडक्या पोर्तुगीजपेक्षा माझ्या हिंदीचा उपयोग अधिक झाला, याचे कारण हेच. पंजाबातला एक तरुण रांगेत पुढे आला की पाव-सूप हातात घेण्याआधी जॅकेटच्या आतून प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली फाईल काढायचा आणि नवे पत्र आले आहे का, ते नीट वाचून सांगा, म्हणायचा. अंगावरचे कपडे भिजलेले असायचे, फाईल मात्र कोरडी असायची. त्याला सल्ला देण्याची आम्हांला मुभा नव्हती. पत्रात काय लिहिले आहे एवढे वाचून दाखवायचे आणि सोबतच्या समाजसेविकेकडे त्याला न्यायचे, एवढेच आमचे काम होते, आणि ते योग्यच होते, कारण अशा बाबतीत हौशी माणसाने दिलेला चुकीचा सल्ला एखाद्याच्या आयुष्याची दोन वर्षे खाऊन टाकू शकतो.

कामाचे स्वरूप वाचकांना कळावे म्हणून ते जरा सविस्तर सांगते. दुपारनंतर स्वयंपाकघरात भाज्या चिरणे, मोठ्या पातेल्यांत सूप करणे, पावात चीज किंवा अंडे घालून पाकिटे बांधणे, आलेल्या देणग्यांतून पायमोजे, अंतर्वस्त्रे आणि पांघरुणे मापानुसार लावून ठेवणे, आणि परत आल्यावर भांडी घासणे यांतच बहुतेक वेळ जातो. गाडी रात्री ठरलेल्या थांब्यांवर ठरलेल्या वेळी जाते. झोपलेल्या माणसाला उठवायचे नाही, त्याच्या उशाशी पाकीट ठेवून पुढे व्हायचे. बसलेल्या माणसाशी उभ्याने बोलायचे नाही, आपणही खाली बसायचे. आधी हात मिळवायचा, नाव विचारायचे, आणि त्याने सांगितले नाही तर पुन्हा विचारायचे नाही. लिस्बनची थंडी आपल्याला वाटते तितकी बोचरी नसते, पण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पाऊस असतो आणि ओल्या पायांनी रात्र काढलेल्या माणसाचे पाय सडतात. त्यामुळे रांगेत सर्वांत जास्त मागणी अन्नाला नसते, कोरड्या पायमोज्यांना असते. हे मला तिथे जाण्याआधी कोणी सांगितले असते तर मी येथून पिशवी भरून मोजे नेले असते.

एक वयस्क गृहस्थ आठवतात. आरोयोस भागातील एका बंद दुकानाच्या पायरीवर ते पुठ्ठे अंथरून असत. बरेच दिवस ते सूप नाकारून फक्त मोजे घेत आणि मान फिरवून बसत. आमच्या गटातील एक स्थानिक बाई दर मंगळवारी न चुकता त्यांच्यासमोर दोन मिनिटे बसायच्या, काही मागायच्या नाहीत, काही सांगायच्याही नाहीत. एका मंगळवारी त्यांनी आपणहून नाव सांगितले. पुढे त्याच बाईंच्या मध्यस्थीने समाजसेवकांनी त्यांचे हरवलेले ओळखपत्र नव्याने करवून घेतले, आणि ओळखपत्र असल्याशिवाय पेन्शन, दवाखाना किंवा घराच्या यादीतले नाव यांपैकी काहीच पुढे सरकत नाही. एकदा घर दिले की माणूस औषधही घेऊ लागतो आणि व्यसनाशी झगडूही लागतो, या विश्वासावर आधी घर व मग उपचार ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस राबवली गेली, आणि लिस्बनने ती 2009 पासून स्वीकारली आहे. परंतु त्या घरापर्यंत माणसाला नेण्यासाठी आधी कोणावर तरी त्याचा विश्वास बसावा लागतो, आणि तो विश्वास त्याच दिवशी, त्याच वेळी, तेच तोंड पुन्हा दिसल्याने बसतो.

म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की स्वयंसेवकाची परीक्षा त्याच्या हजेरीवर व्हावी. तो शनिवारी कुठे गेला होता, हा प्रश्न गौण आहे. मंगळवारी तो वेळेवर आला का, हा प्रश्न खरा आहे. जो तीन आठवड्यांसाठी येतो आणि ज्याला तिथली भाषा येत नाही, त्याने रांगेच्या तोंडाशी उभे राहण्याचा हट्ट धरू नये. त्याने मागे, स्वयंपाकघरात राहावे, भांडी घासावीत, मोजे लावावेत, म्हणजे भाषा जाणणाऱ्या आणि वर्षानुवर्षे येणाऱ्या स्थानिक माणसाला रस्त्यावर जास्त वेळ देता येतो. थोड्या दिवसांच्या पाहुण्याचा खरा उपयोग तिथे आहे, आणि तो लहान नाही.

आता भटकंतीविषयी. रात्रीचे काम करणाऱ्याला सुट्टी लागते. दुःख सतत पाहणारी माणसे थकतात, चिडचिडी होतात आणि शेवटी येणेच सोडून देतात, हे तिथल्या संस्थांना अनुभवाने माहीत असल्यामुळे त्या आठवड्याची सुट्टी घ्यायला लावतात. सुट्टीत लिस्बनसारख्या शहरात माणूस खोलीत कोंडून बसला तर त्याने बेघरांचे काय भले होणार आहे? रॉसियो स्थानकातून लोकल गाडीने 40 मिनिटांत सिंत्रा गाठता येते, तिथले राजवाडे आणि दाट झाडी सुंदर आहे. बेलें येथील जेरोनिमोस मठात वास्को द गामाची समाधी आहे, आणि आपल्या इतिहासाशी जोडलेली असल्यामुळे ती मी पाहून आले. पण मी प्रत्येक गोमंतकीयाला सांगेन की बाकी सारे राहिले तरी चालेल, एक शनिवार पेनिशसाठी ठेवा.

लिस्बनच्या उत्तरेला सुमारे 100 किलोमीटरवर अटलांटिकच्या काठावर पेनिशचा किल्ला आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने उभ्या केलेल्या राजवटीत 1934 पासून 1974 पर्यंत तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. 18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सविनय कायदेभंगाची ठिणगी टाकली, त्यानंतर ज्यांना हद्दपार करून पोर्तुगालला पाठवण्यात आले, त्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे आणि लक्ष्मीकांत भेंब्रे यांना याच किल्ल्यात ठेवले होते. एप्रिल 2024 मध्ये तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय खुले झाले. तटाखाली लाटा आदळत असतात आणि त्या आवाजात आपल्या माणसांनी काढलेल्या वर्षांचा विचार करताना मन भरून येते. आमच्या मुलांना 18 जून पणजीतल्या रस्त्याच्या नावावरून माहीत असतो. स्वयंसेवेच्या निमित्ताने एखादा मुलगा तिथवर पोचला, तर त्या शनिवाराला उनाड सहल कोणी म्हणू नये.

भटकंतीत खरोखर विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि टीकाकारांनी तिच्याकडे लक्ष द्यायला हवे होते. आपण राहतो कुठे? ज्या दिवसभाड्याच्या घरांमुळे जुने रहिवासी रस्त्यावर आले, त्याच घरात राहून संध्याकाळी त्याच रहिवाशाला सूप द्यायला जाणे, यात मोठी विसंगती आहे. नातेवाइकांकडे, संस्थेच्या वसतिगृहात किंवा एखाद्या कुटुंबात भाडेकरू म्हणून राहता येते, आणि स्वयंसेवकाने तसेच राहावे.

टीकाकारांचा जो मुद्दा मला पटतो, तो बाजाराचा आहे. सेवा आणि पर्यटन यांची एकत्र पॅकेजे विकणारे मध्यस्थ आता आपल्याकडेही येऊ लागले आहेत. ओळखीच्या एका कुटुंबाला अशा मध्यस्थाने दिलेले माहितीपत्रक मी वाचले. त्यात प्रेक्षणीय स्थळांची पूर्ण यादी वेळापत्रकासह होती, पण काम कोणत्या संस्थेत, कोणाच्या देखरेखीखाली आणि दिवसाचे किती तास करायचे, याविषयी एक ओळही नव्हती. भरलेल्या रकमेतला किती भाग त्या संस्थेला मिळतो, हे विचारल्यावर उत्तर आले नाही. नेपाळ आणि कंबोडिया येथे अशाच बाजारामुळे काय झाले ते जगजाहीर आहे: परदेशी स्वयंसेवक पैसे देतात म्हणून आईबाप हयात असलेली मुले अनाथालयांत आणून ठेवली गेली. मी ज्या गटासोबत काम केले, त्याने माझ्याकडून एक पैसाही घेतला नाही. पोर्तुगालमध्ये स्वयंसेवेसाठी 1998 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार संस्थेने स्वयंसेवकाशी कामाचा लेखी कार्यक्रम ठरवायचा असतो, त्याचा विमा काढायचा असतो आणि त्याला ओळखपत्र द्यायचे असते. कोणी मध्यस्थ ही तीन कागदपत्रे दाखवू शकत नसेल, तर पालकांनी तिथेच थांबावे.

व्हिसाची बाब तितकीच महत्त्वाची आहे. शेंगेन प्रदेशाचा, म्हणजे पोर्तुगालसह युरोपातील अनेक देशांचा सामाईक, अल्पकालीन व्हिसा कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंतच राहू देतो, आणि त्याहून लांब स्वयंसेवेसाठी यजमान संस्थेच्या पत्रासह वेगळा व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त 30 दिवस स्वयंसेवा करता येते, तीही प्रवासाचा मुख्य हेतू दुसरा असेल तरच. पूर्ण वेळ सेवेसाठी जायचे तर त्याचा निराळा व्हिसा आहे. इंग्लंडमधील स्विंडन शहरात आपली इतकी माणसे आहेत की तिथे जाऊन असे काम करण्याची इच्छा अनेकांना होते. अर्जात हेतू लपवू नये. मी माझ्या अर्जाला संस्थेचे पत्र जोडले होते आणि मला कोणतीही अडचण आली नाही.

आणि छायाचित्रे. या एका गोष्टीबाबत मी कसलीही सवलत द्यायला तयार नाही. पहिल्या दिवशी आमच्याकडून लेखी घेतले गेले की कामाच्या वेळी मोबाईल खिशाबाहेर काढणार नाही. रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला दार नसते, पडदा नसतो. त्याचा चेहरा एवढीच त्याची खासगी वस्तू उरलेली असते. कित्येकांच्या घरी, गावी, मुलाबाळांना ते कुठल्या अवस्थेत आहेत हे ठाऊक नसते. त्यांच्या शेजारी उभे राहून हसरा फोटो काढणे आणि तो सर्वांना दाखवणे, हे सिंत्रा पाहण्यापेक्षा शंभरपट वाईट पर्यटन आहे. शनिवारी राजवाडा पाहण्यात कोणाचा अपमान होत नाही. सोमवारी माणसाला राजवाड्यासारखे पाहिले की होतो.

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा. परदेशात जाऊन हे काम करणाऱ्याला परतल्यावर मडगावचे रेल्वे स्थानक, म्हापशाचा बाजार आणि पणजीतील बंद दुकानांच्या ओसऱ्या वेगळ्या दिसतात. आपल्याकडचा कठीण हंगाम थंडीचा नाही, पावसाळ्याचा आहे. जून ते सप्टेंबर ओल्या फरशीवर झोपणे म्हणजे काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. यांतले काही परराज्यांतून आलेले, काम सुटलेले मजूर आहेत, काही घरच्यांनी टाकलेले वृद्ध आहेत आणि काही मनोरुग्ण आहेत, ज्यांना बांबोळीच्या मनोरुग्णालयापर्यंत नेणारे कोणी नसते. लिस्बनमध्ये राणी लिओनोरने 1498 साली स्थापन केलेली सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया ही संस्था आजही निराधारांचे काम करते आणि त्याच धर्तीची संस्था सोळाव्या शतकात गोव्यातही होती. आज आपल्याकडे निराधारांना मदत करणारी प्रोव्हेदोरिया ही सरकारी संस्था आहे, तिचे वृद्धाश्रम आहेत. शहरी भागात दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितले आहे. तरीही रात्री दहा वाजता मडगाव स्थानकावर एखादा वृद्ध भेटला तर त्याला कुठे न्यावे, हे सामान्य नागरिकाला सांगणारा साधा फलक मला आजवर दिसलेला नाही.

म्हणून माझी तीन ठिकाणी विनंती आहे. नगरपालिकांनी आणि रेल्वेने स्थानके व बसस्थानके येथे जवळच्या निवाऱ्याचा पत्ता आणि दूरध्वनी मराठी, कोंकणी, हिंदी आणि कन्नडमध्ये लावावा. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या दोन वर्षांतल्या 240 तासांपैकी काही तास एकाच जागी, आठवड्याच्या एकाच ठरलेल्या संध्याकाळी, बेघरांसोबत काम करणाऱ्या स्थानिक संस्थेला द्यावेत. रस्ता झाडण्याच्या एक दिवसाच्या शिबिरापेक्षा त्यातून विद्यार्थी अधिक शिकतील. आणि ज्या तरुणांना लिस्बन, लंडन किंवा अन्यत्र जायचे आहे, त्यांनी आधी एक पावसाळा इथे अशी हजेरी द्यावी. ज्याला मडगावात दर मंगळवारी वेळेवर पोचता येते, त्याच्या हाती परदेशातली कोणतीही संस्था विश्वासाने पातेले सोपवील, आणि त्याने शनिवारी कुठेही फिरावे.

आपल्या दैनिकाने पणजी, मडगाव, म्हापसा आणि वास्को येथे रात्री उघड्या असणाऱ्या निवाऱ्यांची आणि तिथे स्वयंसेवक घेणाऱ्या संस्थांची माहिती पावसाळ्यापूर्वी एकदा छापली, तर अनेक वाचकांची सोय होईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
फोंडा, गोवा